जलरंगात डोंगर मळतो तेव्हा : सह्याद्रीच्या ऋतुचित्रांसाठी समस्या निवारण

सह्याद्रीची निसर्गचित्रे जलरंगात करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. आकाश चांगले उतरते, समोरची झाडेही जमतात, पण मधला डोंगर मळतो. त्याचा रंग ना धड हिरवा राहतो ना निळा, आणि दूरची रांग मागे जाण्याऐवजी पुढे येऊन बसते. विद्यार्थ्यांची आणि हौशी चित्रकारांची अशी चित्रे मी बरीच वर्षे दुरुस्त करून देत आलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की डोंगर पावसाळ्यात मळतो त्याचे कारण वेगळे असते, हिवाळ्यात वेगळे असते आणि वैशाखात वेगळे असते. वर्षभर एकाच कृतीने डोंगर रंगवणाऱ्याला एखाद्या ऋतूत यश येते आणि बाकीच्या ऋतूंत आपला हात बिघडला असे वाटू लागते.

पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या उपायांपासून खर्चिक आणि अवघड उपायांकडे जातात. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण महागडा कागद आणल्यावरही पाण्याचा डबा गढूळच असेल तर दोष तसाच राहतो आणि कागदाचे पैसे मात्र जातात. येथील सर्व विवेचन पारदर्शक जलरंगांविषयी आहे. पोस्टर कलर, ॲक्रिलिक आणि तैलरंग यांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

लक्षणे

आपल्या चित्रात नेमके काय बिघडले आहे ते आधी ठरवावे. रंग ओला असताना उजळ दिसतो आणि वाळल्यावर राखाडी-तपकिरी होतो, हे पहिले लक्षण. याचे मूळ पाण्यात, पॅलेटमध्ये किंवा मिश्रणात असते. रंग स्वच्छ आहेत, पण दूरचा डोंगर जवळच्या टेकडीला चिकटल्यासारखा दिसतो, हे दुसरे. ही छायाभेदाची, म्हणजे गडद-फिक्याच्या फरकाची, चूक आहे. डोंगराच्या अंगावर फुलकोबीसारख्या कातरलेल्या कडांचे डाग उमटतात, किंवा दुसरा हात फिरवताना खालचा थर उखडून वर येतो, हे तिसरे. ते वाळण्याच्या वेळेशी निगडित आहे. ब्रश टेकताच रंग कागदात शोषला जातो आणि वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, गडद ठिपके उमटतात, हे चौथे. हा दोष कागदाचा असतो. पाचवे लक्षण ओळखायला सर्वांत कठीण आहे: चित्रात तांत्रिक दोष काहीही नाही, तरी ते जुलैचे आहे की डिसेंबरचे हे पाहणाऱ्याला कळत नाही.

पाणी आणि पॅलेट

पहिली तपासणी पाण्याची. दोन डबे ठेवावेत. एकात ब्रश धुवावा आणि दुसऱ्यातील पाणी फक्त रंग पातळ करण्यासाठी घ्यावे. दूरच्या डोंगराचा वॉश अत्यंत पातळ असतो, त्यात रंगद्रव्य कमी आणि पाणी जास्त असते, त्यामुळे पाण्यातला मळ सर्वांत आधी तिथेच दिसतो. समोरच्या झाडाच्या दाट रंगात तोच मळ लपून जातो. म्हणूनच गढूळ पाण्याने केलेल्या चित्रात अग्रभूमी ठीक आणि डोंगर मळका असे दृश्य हमखास दिसते.

खात्री करून घ्यायची असेल तर त्याच कागदाच्या तुकड्यावर ताज्या पाण्याने, धुतलेल्या ब्रशने, एकेका रंगाची पातळ पट्टी ओढून वाळू द्यावी. पट्ट्या स्वच्छ दिसल्या तर रंग निर्दोष आहेत आणि नवा संच घेण्याची गरज नाही. पट्टीच मळकी आली तर ट्यूब स्वस्त भरतीची असू शकते, किंवा पॅलेटच्या खणात आधीचा रंग मुरलेला असतो. पिवळ्या रंगाचा खण विशेष पाहावा, कारण निळ्याचा थोडासा अंश लागला तरी पिवळा बिघडतो.

कृष्णधवल छायाचित्र

दुसऱ्या तपासणीलाही खर्च नाही. चित्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे आणि समोरच्या दृश्याचेही तसेच करावे. रंग निघून गेल्यावर उरते ती केवळ गडद-फिक्याची मांडणी, आणि डोंगर मागे जाणे हे मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते. पुष्कळ चित्रकार दूरचा डोंगर निळा करतात आणि तो आपोआप मागे जाईल असे समजतात. पण तो निळा जवळच्या हिरव्याइतकाच गडद असेल तर डोंगर जागचा हलत नाही.

सिंहगडावरून दिसणारे राजगड आणि तोरणा हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. हवाई अंतराने राजगड सुमारे १५ किलोमीटरवर आणि तोरणा सुमारे १७ किलोमीटरवर आहे, म्हणजे दोघांच्या गडदपणात फारसा फरक असू नये. तरी राजगडाचा बालेकिल्ला डोळ्यांत भरतो म्हणून तो जास्त गडद रंगवला जातो, आणि मग तोरणा त्याच्या कितीतरी मैल मागे असल्यासारखा वाटतो. उलट सिंहगडाच्या पायथ्याकडील टेकड्या आणि हे दोन गड यांच्यात जो मोठा फरक हवा, तो चित्रात राहत नाही.

याच टप्प्यावर तपशीलही तपासावा. सह्याद्रीचा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे, त्यामुळे त्याच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात: एक काळा कडा, त्यावर गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा. हे पट्टे काढण्याचा मोह आवरत नाही, पण दूरच्या रांगेवर ते ठळक रेषांनी काढले की फिका डोंगरही पुढे येतो. तिथे दोन-तीन पट्टे जेमतेम सुचवले तरी पुरेसे होतात.

एका मिश्रणात किती रंगद्रव्ये

पट्ट्या स्वच्छ आल्या, छायाभेदही ठीक आहे आणि तरी डोंगर मळतो आहे, असे असेल तर ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो: अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७. रंगाचे नाव एक असले तरी ट्यूबमध्ये द्रव्य एकच असेल असे नाही. सॅप ग्रीन हे आज बहुतेक ठिकाणी दोन-तीन द्रव्यांचे तयार मिश्रण असते, आणि पावसाळी ढगांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेन्स ग्रेमध्ये बहुधा निळ्याबरोबर काळा असतो. सॅप ग्रीनमध्ये पेन्स ग्रे घातला आणि थोडा बर्न्ट अंबर टाकला, तर रंग तीनच घेतल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात द्रव्ये पाच-सहा झालेली असतात. प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते, म्हणून द्रव्ये वाढत गेली की कागदावरून परतणारा प्रकाश कमी होत जातो. मळकेपणा म्हणतात तो हाच. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त द्रव्ये येऊ देऊ नयेत. पावसाळी ढगाचा करडा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोघांतच उत्तम होतो, आणि त्याला उबदार किंवा थंड बाजूला झुकवणेही हातात राहते.

या तपासणीत पांढऱ्या रंगाचाही विचार करावा. धुके दाखवण्यासाठी चायनीज व्हाइट मिसळला की पारदर्शकता जाते आणि वाळल्यावर डोंगरावर खडूसारखी झाक येते. धुक्याचा पांढरा हा कागदाचाच पांढरा असावा, यावर मी ठाम आहे. धबधब्यांचेही तसेच, भिजलेला कातळ जवळजवळ काळा असतो, त्याच्या शेजारी राखलेला कोरा कागद जितका उजळ दिसतो तितका कोणताही पांढरा रंग दिसत नाही.

ऋतूनुसार येणारा मिश्रणाचा सर्वांत मोठा दोष हिवाळ्यात दिसतो. नोव्हेंबरनंतर डोंगरावरचे गवत वाळून पिवळट होते आणि कलत्या उन्हात त्यावरच्या सावल्या जांभळ्या वाटतात. पिवळा आणि जांभळा हे विरोधी रंग आहेत. ओल्या यलो ऑकरमध्ये ओली जांभळी सावली सोडली की दोघे एकमेकांना मारतात आणि उतारावर तपकिरी चिखल होतो. उपाय सरळ आहे: ऑकरचा हात पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सावलीचा पारदर्शक थर एकाच फटकाऱ्यात द्यावा. उन्हाळ्यातल्या पळसाचेही असेच होते. फुलांचा नारिंगी मागच्या निळसर डोंगरावर ओला असताना टेकवला तर राखाडी होतो, म्हणून फुलांची जागा आधीच कोरी राखावी. पावसाळी हिरव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. अल्ट्रामरीन तांबूसपणाकडे झुकतो, त्यामुळे त्यात ऑकर किंवा गडद पिवळा घातल्यास हिरवा शेवाळी आणि मंद होतो. तो जुन्या झाडीला शोभतो, पण भातखाचरांच्या कोवळ्या हिरव्याला शोभत नाही. तिथे लेमन यलो आणि किंचित थॅलो ब्लू हवा. मात्र सबंध डोंगर त्या कोवळ्या हिरव्याने रंगवला तर चित्र खोटे दिसते, कारण पावसाळ्यातही रानाचा हिरवा खोल आणि निळसर असतो.

वाळण्याचा वेळ

ओल्या कागदाच्या तीन अवस्था ओळखता आल्या पाहिजेत: पाणी चकाकते ती, चकाकी मंद होते ती, आणि कोरडी. पहिल्या अवस्थेत दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो; तिसऱ्या अवस्थेत त्याची कड स्पष्ट राहते. धोका मधल्या अवस्थेत आहे. त्या वेळी पाणीदार ब्रश टेकवला की ते पाणी अर्धवट वाळलेले रंगद्रव्य ढकलत नेते आणि कडेला साचवते. कातरलेले डाग पडतात ते असे.

लोणावळ्यासारख्या ठिकाणी जुलैत हवा इतकी दमट असते की ही मधली अवस्था फार लांबते. वरून कोरडा वाटणारा कागद आत ओला असतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावून पाहावी. गार लागली तर ओल शिल्लक आहे. पावसाळ्यात एकाच वेळी दोन लहान चित्रे घेऊन बसणे हा मला सर्वांत व्यवहार्य उपाय वाटतो, कारण थांबणे जमत नाही म्हणूनच बहुतेक चित्रे बिघडतात. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर चकाकी गेल्यावरच वापरावा. त्याआधी वापरल्यास वारा पाणी एका बाजूला लोटतो आणि तेच डाग पडतात.

एप्रिल-मे महिन्यांत याच्या उलट घडते. उन्हात वॉश पाहता पाहता वाळतो, डोंगराच्या अर्ध्या भागात कड बसते, आणि ती घालवण्यासाठी त्याच जागी ब्रश घासला जातो. घासल्याने खालचा थर उखडतो आणि दोन्ही थर मिसळून मळतात. बोर्ड सावलीत ठेवावा, मिश्रण आधीच भरपूर करून ठेवावे, आणि कड बसलीच तर ती तशीच सोडून द्यावी. अल्ट्रामरीनचा वाळलेला थर पाण्याने सहज सुटतो, थॅलो ब्लू मात्र कागदात मुरतो; ज्या डोंगरावर आणखी हात द्यायचे आहेत त्याच्या पहिल्या थराला मुरणारा रंग बरा. तीन हातांनंतरही डोंगर जमला नाही, तर त्या कागदावर चौथा हात देऊ नये.

कागद

कागद सुटा-सुटा घेतला असेल, मागच्या वर्षीचा असेल किंवा पावसाळ्यात उघडा राहिला असेल, तर त्याच्या कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब काही काळ चकाकत वर राहिला तर कागद चांगला आहे. तो लगेच आत शिरून गडद डाग पडला आणि मागच्या बाजूला ओल दिसली, तर कागदाचे सायझिंग गेलेले आहे. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचे सायझिंग असते. ते रंगाला वरच्या पृष्ठावर धरून ठेवते, म्हणून रंग उजळ दिसतो. दमट हवेत त्यावर सूक्ष्म बुरशी वाढते. कोरा असताना असा कागद निर्दोष दिसतो. पहिला वॉश दिल्यावरच ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवर दुसरा वॉश देऊन काहीही साधत नाही.

असा कागद जलरंगासाठी बाद समजावा. पेन्सिल, कोळसा किंवा पेस्टलसाठी तो चालतो. घरी जिलेटिनचे पातळ पाणी लावून सायझिंग करता येते, पण थर सारखा बसत नाही आणि डोंगराचा मोठा वॉश त्यावर पट्टेदार येतो, म्हणून मी ती खटपट सुचवत नाही. नवा कागद घेताना ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्य असल्यास पूर्ण सुती घ्यावा आणि पावसाळ्याआधीच हवाबंद प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट त्यासाठी टाळावे.

ऋतूची हवा

येथपर्यंतच्या सर्व तपासण्या एका दिवसात उरकतात. शेवटची मात्र वर्षभराची आहे, आणि माझ्या मते खरे चित्र इथेच घडते किंवा बिघडते.

दूरचा डोंगर निळा असतो हा नियम केवळ स्वच्छ, कोरड्या हवेपुरता खरा आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे डोळा आणि गडद डोंगर यांच्यामध्ये निळसर पडदा तयार होतो. पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि धूळ यांचे कण मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून तेव्हाचा पडदा पांढुरका किंवा धुळकट असतो. सह्याद्रीत ही स्थिती ऋतूप्रमाणे बदलते. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये पावसाने हवा धुतली गेलेली असते, उतारांवर सोनकी फुललेली असते आणि रांगांमागून रांगा मोजता येतात. तो निळा खरा असतो. तोच निळा जुलैच्या चित्रात लावला की डोंगर मळलेला वाटतो, कारण भोवतालचे आकाश राखाडी-पांढरे असते आणि त्यात निळा परका पडतो. जुलैत दूरच्या रांगेला आकाशाचाच करडा, फक्त एक छटा गडद, एवढेच पुरते. एप्रिलमध्ये धुरकट हवेमुळे जवळचा डोंगरही फारसा गडद नसतो, आणि दूरचा फिकट तांबूस-जांभळा होऊन आकाशात विरतो; वणव्याने जळलेला उतार जवळून काळा असला तरी पलीकडच्या रांगेवर तो जेमतेम एक मंद डाग उरतो.

धुक्याची जागाही ऋतूप्रमाणे बदलते आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डोंगराचा माथा स्पष्ट काढून पायथा पाण्याने विरघळवायचा, ही कृती सर्वत्र शिकवली जाते आणि ती वर्षभर वापरली जाते. डिसेंबरच्या सकाळी ती अगदी बरोबर असते, कारण थंड हवा दरीत साचते, धुके तळाशी राहते आणि वरचा कडा उन्हात स्वच्छ दिसतो. जुलैत भंडारदऱ्याहून अलंग-मदन-कुलंग या गडांकडे पाहावे: ढग माथे गिळून टाकतात आणि दिसतो तो पायथा, त्यावरची खाचरे आणि कड्याचा खालचा ओला पट्टा. तिथे माथा विरघळवून पायथ्याची कड राखायला हवी. पावसाळी चित्रात माथ्याची कड धारदार ठेवली, तर कितीही चांगला करडा लावला तरी तो डोंगर पावसाळ्यातला वाटत नाही, आणि मग तो वाटावा म्हणून थरावर थर चढवले जातात.

यावरचा उपाय म्हणजे घराजवळची एकच जागा ठरवून, तिथून दर ऋतूत तळहाताएवढी चित्रे करणे आणि प्रत्येकाखाली महिना, वेळ, आकाशाची स्थिती लिहिणे. घरी बसून छायाचित्रावरून हे साधत नाही, कारण कॅमेरा धुरकट हवेतही रंग वाढवतो आणि सावल्या काळ्या करतो. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. ओळखीच्या जागेत हवा किती बदलते हे समजून घ्यायला त्यांची चित्रे जरूर पाहावीत.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

पूर्ण झालेल्या चित्रावर बुरशीचे तपकिरी किंवा काळे ठिपके आले, तर तिथे आपला हात थांबला पाहिजे. ते पुसू नयेत, खरवडू नयेत, त्यावर ब्लीच किंवा स्पिरिट लावू नये आणि चित्र कडक उन्हातही ठेवू नये. उन्हाने बुरशीबरोबर रंगही जातो. चित्र बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या जागी, सुटे ठेवावे आणि हाताळताना तोंडाला मास्क लावावा. चित्र मोलाचे किंवा जुने असेल तर ते कागद-संवर्धकाकडेच न्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करता येते. भिंतीची ओल फ्रेममध्ये शिरत असेल तर आधी गळती काढणाऱ्याला बोलवावे, आणि फ्रेम करणाऱ्याकडून काच व चित्र यांच्यामध्ये माउंट घालून घ्यावा.

रंग आपल्याला ठीक दिसतात, पण इतर सर्वांना चित्र पिवळट किंवा तपकिरी वाटते, किंवा निळ्या आणि हिरव्याच्या छटांत अलीकडे गोंधळ होऊ लागला आहे, असे असेल तर नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. मोतीबिंदूत निळा मंदावतो आणि सगळे पिवळसर दिसू लागते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातल्या चित्रांवर त्याचा परिणाम झाला होता आणि १९२३ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. अशा वेळी रंगसंच बदलत राहण्यात अर्थ नसतो.

आणि वरील सर्व तपासण्या करूनही वर्षभरात फरक पडला नाही, तर एखाद्या अनुभवी निसर्गचित्रकारासमवेत प्रत्यक्ष जागेवर एक सकाळ काम करावे. तयार चित्र दाखवून सल्ला घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी असते, कारण ब्रशमध्ये किती पाणी आहे आणि दुसरा हात नेमका कोणत्या क्षणी पडतो, हे वाळलेल्या चित्रावरून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.